बेलोग्रादचिकचे नामवंत दगड

बल्गेरियाच्या वायव्य कोपऱ्यात, सर्बियाच्या सरहद्दीजवळ, बेलोग्रादचिक नावाचं गाव आहे. वस्ती चार-पाच हजारांच्या आसपास. पण गावाचं नाव झालंय ते माणसांमुळे नाही, दगडांमुळे. इथले दगड साधेसुधे नाहीत, नामवंत आहेत. एकेका सुळक्याला नाव आहे, नावामागे दंतकथा आहे, दंतकथेत बहुतेक वेळा एक देखणी मुलगी आहे आणि कथेच्या शेवटी झाडून सगळ्यांचा दगड झालेला आहे.

या तांबड्या सुळक्यांचा पसारा जवळजवळ ३० किलोमीटर लांब आहे आणि त्यातले काही २०० मीटरपर्यंत उंच आहेत. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी इथं वाळू आणि गोटे साचत गेले, दाबले गेले, त्यांचा खडक झाला. पुढे जमीन उचलली गेली आणि ऊन, वारा, पाऊस, बर्फ यांनी आपापल्या सवडीनं कोरकाम केलं. लोखंडाच्या ऑक्साइडमुळे रंग तांबडा. ही झाली भूगर्भशास्त्राची बाजू. गावात तिला फारसं कोणी विचारत नाही.

आमच्या लटांबरात ताई, दाजी, त्यांची मुलगी, मावशी आणि आमची ही, असे सगळे होते. दाजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. जगातली कुठलीही उभी वस्तू दिसली की ती कोणी मंजूर केली आणि किती टक्क्यांनी वाढीव झाली, हे दोन प्रश्न त्यांच्या मनात आपोआप येतात. मावशींचं वय झालंय, पण गुडघे आणि मतं दोन्ही शाबूत आहेत. भाची सगळं फोनमधून बघते. डोंगर समोर असला तरी ती तो आधी फोनमध्ये आलाय का, याची खात्री करून घेते.

गाईड म्हणून एक तरतरीत मुलगी मिळाली होती. तिचं इंग्रजी आमच्याइतकंच होतं, त्यामुळे संवाद उत्तम चालला होता. पहिल्याच कठड्यापाशी थांबून तिनं लांबवर बोट केलं आणि सांगितलं, "ते पाहा, अॅडम आणि ईव्ह. दिसले?" आम्ही सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या.

तिनं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश. "ते पाइनचं झाड दिसतंय ना, त्याच्या वर. दोघं शेजारी उभे आहेत. दिसले?" आम्ही पुन्हा माना डोलावल्या, जरा जोरात. तिच्या चेहऱ्यावर काळजी पसरली. तिसऱ्यांदा तिनं स्वतः अॅडमसारखं उभं राहून दाखवलं.

भानगड अशी होती की बल्गेरियात मान वरखाली केली की 'नाही' आणि आडवी हलवली की 'हो'. आम्ही जीव तोडून 'हो' म्हणत होतो आणि तिला समोर आंधळ्यांचा कळप दिसत होता. त्यातही तरुण बल्गेरियन मंडळींना परदेशी पाहुण्यांची पद्धत ठाऊक असते, त्यामुळे ती कधीकधी पाहुण्यांसाठी आपली मान उलटी हलवतात. पाहुण्यांनीही तेच वाचलेलं असतं, म्हणून तेही आपली उलटी हलवतात. मग दोन्ही बाजूंनी 'हो' की 'नाही', हे फक्त परमेश्वराला कळतं. आमच्यात एकट्या मावशी निर्धास्त होत्या. ऐकताना मान दोन्ही खांद्यांकडे झुलवत राहण्याची त्यांची जन्माची सवय. ती मान बल्गेरियन हिशेबानं सतत 'हो, हो, अगदी बरोबर' म्हणत होती. गाईडबाईंनी ओळखलं, या गटात हुशार विद्यार्थिनी एकच आहे. पुढचे सगळे दगड तिनं मावशींना उद्देशून सांगितले.

दगडात आकार बघण्याचं एक शास्त्र आहे आणि ते सगळ्या जगात सारखं आहे. एक किलोमीटर लांबच्या डोंगराकडे बोट केलं की त्या बोटाखाली चाळीस दगड येतात. "तो उभा आहे ना, त्याच्या डावीकडे" या खुणेला तर काही अर्थच नसतो, कारण तिथं सगळेच उभे असतात. पहिल्यांदा "कुठं?" विचारलं तर ती जिज्ञासा. दुसऱ्यांदा विचारलं तर नजर अधू. तिसऱ्यांदा विचारणारा माणूस सहलीला नेण्याच्या लायकीचा नाही. म्हणून शहाणी माणसं दुसऱ्या फेरीलाच "हां हां, दिसलं!" म्हणून मोकळी होतात. एकानं म्हटलं की दुसरा मागे कसा राहील? तो म्हणतो, "नाक तर किती स्पष्ट आहे!" मग तिसऱ्याला भुवया दिसतात. आमच्या हिला एका दगडाच्या कपाळावर आठी दिसली आणि तो दगड नेमका कोणासारखा आहे, हे तिनं माझ्याकडे बघून सांगितलं.

सगळ्यात नावाजलेला दगड मॅडोनाचा, कडेवर बाळ घेतलेल्या आईचा. तिची कथा गाईडबाईंनी मन लावून सांगितली. इथं एक मठ होता. मठात एक अतिशय सुंदर जोगीण होती. तिचं एका तरुणावर प्रेम बसलं आणि तिला मूल झालं. धर्मगुरूंनी तिला हाकलून द्यायचं ठरवलं. ती बाळाला घेऊन बाहेर पडली, त्याच क्षणी आभाळ कोसळलं, मठ जमीनदोस्त झाला आणि सगळे होते त्या जागी दगड झाले. ती मॅडोना, तो घोड्यावर बसलेला तिचा प्रियकर आणि ती पलीकडे रांगेत उभी मंडळी म्हणजे तिला हाकलणारे मठवासी.

भाचीनं हे मराठीत सांगितल्यावर मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "दगड झाले, ठीक आहे. उद्धार कधी?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे अहल्येची शिळा झाली तरी पुढे श्रीराम येतात, पाय लागतो, प्रकरण मिटतं. बेलोग्रादचिकला शिळा होण्याची सोय आहे, उद्धाराची नाही. जोगिणीला शिक्षा झाली तशीच तिला छळणाऱ्यांनाही झाली आणि तो बिचारा घोडा तर कुठल्याच भानगडीत नव्हता, त्यालाही झाली. दाजी म्हणाले, "चौकशी न करता सरसकट कारवाई केलेली दिसते." मग त्यांनी मठवासी मोजायला घेतले. एकदा मोजले, दुसऱ्यांदा मोजले, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. "हजेरीपटात घोळ आहे," असा शेरा मारून ते पुढे निघाले.

दुसरी कथा शाळकरी मुलीची. हीही देखणी. तिच्यावर एका दर्वेशाचा डोळा. मध्येच कुठून तरी अस्वल येतं. मुलगी, दर्वेश, अस्वल, तिघांचाही दगड. मुलगी आम्हाला लगेच दिसली. दर्वेश थोड्या प्रयत्नानं दिसला. अस्वल काही दिसेना. गाईडबाई म्हणाल्या, सगळ्यात सोपं अस्वलच आहे, लहान मुलांनासुद्धा दिसतं. हे ऐकल्याबरोबर ताई, दाजी आणि आमची ही, तिघांनाही एकदम दिसलं. तीन वेगवेगळ्या दिशांना.

याच ठिकाणी मावशींना गणपती दिसला.

मराठी माणसाला गणपती कुठंही दिसतो. बटाट्यात दिसतो, झाडाच्या बुंध्यात दिसतो, भिंतीवरच्या ओलीत दिसतो. बल्गेरियात न दिसण्याचं काही कारण नव्हतं. शिवाय यात अतिशयोक्तीही नव्हती. पोट होतं, सोंड होती, ती डावीकडे वळलेली होती. गाईडबाईंनी एवढी वर्षं दाखवलेल्या सगळ्या दगडांपेक्षा हा दगड जास्त स्पष्ट होता, फक्त त्याला कोणी नाव दिलेलं नव्हतं. तिनं चमकून विचारलं, "हे कोण?" मग मावशींनी कथा सांगितली. पार्वतीनं मळापासून मुलगा केला इथपासून हत्तीचं शीर बसवलं इथपर्यंत, भाची वाक्यावाक्याला इंग्रजी करत होती. गाईडबाई डोळे मोठे करून ऐकत होत्या. कथा संपली तशी त्यांनी अगदी धंदेवाईक आपुलकीनं विचारलं, "आणि शेवटी त्याचा दगड होतो?"

"नाही गं," मावशी म्हणाल्या, "शेवटी तो पाण्यात जातो."

गाईडबाईंना हा शेवट मनापासून पटला नाही.

आता कोणी म्हणेल, तुम्ही बल्गेरियन लोकांच्या कल्पनाशक्तीला हसता. हसायला आम्ही कोण! आसनगावजवळच्या माहुली किल्ल्यावर जा. तिथल्या सुळक्यांची नावं आहेत नवरा, नवरी, करवली आणि भटोबा. म्हणजे बेलोग्रादचिकला निदान प्रेमप्रकरण तरी दगड झालं, आपण अख्खं लग्नच दगड केलं, भटजींसकट. खंडाळ्याच्या घाटातला तो प्रसिद्ध सुळका घ्या. गावकऱ्यांना तिथं नागाचा फणा दिसला म्हणून ती नागफणी. साहेबाला तिथं ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं म्हणून तो ड्यूक्स नोज. दगड तोच, पावसाळाही तोच. एकानं जन्मात साप पाहिलेले होते, दुसऱ्यानं वरिष्ठ.

आपल्या दगडांचा बल्गेरियाला इतका अभिमान की निसर्गातली नवी सात आश्चर्यं निवडण्याची जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा २००९ साली देशातर्फे बेलोग्रादचिकचे दगड उभे करण्यात आले होते. आपल्याकडे एखाद्या मतदारसंघाबद्दल छातीठोकपणे म्हणतात, इथं धोंडा उभा केला तरी निवडून येईल. बल्गेरियानं खरोखर धोंडे उभे केले, आणि ते पडले.

दगडांमध्येच किल्ला आहे. त्याचं नाव कालेतो. मराठी माणसाला परदेशात किल्ला दाखवणं हा मोठा धोक्याचा उद्योग आहे. वितळलेल्या मेणासारखा मवाळ झालेला प्रवासीसुद्धा तटबंदी दिसली की ताठ होतो. आतापर्यंत दगडात नाकं आणि भुवया शोधणारे आम्ही एकदम तज्ज्ञ झालो. "चोरदरवाजा कुठं आहे?" "पाण्याची सोय?" "दारूकोठार?" गाईडबाई उत्तर देईपर्यंत आम्हीच एकमेकांना उत्तरं देत होतो. पाण्याची सोय वर खडकात खोदलेल्या टाक्यांत केलेली आहे हे कळल्यावर दाजींनी समाधानानं मान हलवली. अर्थात बल्गेरियन हिशेबानं ते असमाधान ठरलं.

हा किल्ला पहिल्यांदा बांधला रोमनांनी. त्यांनी इथं आल्यावर जोगिणी आणि घोडेस्वार बघितले नाहीत, त्यांना थेट भिंती दिसल्या. दोन बाजूंना निसर्गानं ७० मीटरपर्यंत उंच खडक उभे करून ठेवले होते. रोमनांनी फक्त उरलेल्या फटी बुजवल्या. तट बांधला तो वायव्येला आणि आग्नेयेला, बाकीचा फुकटात मिळाला. दाजींना हे काम अतिशय आवडलं. तटाला हात लावून त्यांनी दर्जा पाहिला. खडकाशी तट जिथं जुळतो तिथं मीही वाकून पाहिलं. नैसर्गिक खडकात शेंगदाण्याच्या चिक्कीसारखे गुळगुळीत गोटे घट्ट बसलेले आहेत, पांढरे, करडे, एखादा हिरवट. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी नदीनं घासून ठेवलेले. शेजारी माणसानं घडवलेला चौकोनी दगड, त्यात चुन्याची रेघ. चुन्यात एक पाल अंग चोरून बसली होती. ती किल्ल्याच्या कुठल्याच कालखंडाबद्दल पक्षपाती वाटली नाही.

चौदाव्या शतकात विदिनचा झार इव्हान स्त्रात्सिमिर यानं किल्ला वाढवला, मजबूत केला. १३९६ साली ऑटोमन तुर्कांनी त्याचं राज्यच घेतलं आणि किल्लाही त्यांच्याकडे गेला. पुढे तोफांचा जमाना आला तशी तुर्कांनी १८०५ ते १८३७ या काळात त्याची मोठी पुनर्बांधणी केली. त्यासाठी फ्रेंच आणि इटालियन अभियंते आणले. आज आपण आत शिरतो त्या दरवाजांवर आणि तटातल्या जंग्यांवर त्या कामाची छाप आहे. "बत्तीस वर्षं?" दाजींनी तारखा ऐकून हिशेब केला. "म्हणजे काम वेळेत झालं म्हणायचं."

एक गोष्ट मात्र इथं हसण्यावारी नेता येत नाही. १८५० साली विदिनच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी तुर्कांच्या जमीनदारीविरुद्ध उठाव केला. तो चिरडला गेला आणि पकडलेल्या बंडखोरांना याच किल्ल्यात मारण्यात आलं. गाईडबाईंनी हे दोन वाक्यांत सांगितलं. त्यात सुंदर मुलगी नव्हती आणि शेवटी कोणाचा दगडही झाला नाही. नंतर १८८५ च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धात किल्ला शेवटचा लढाईच्या कामी आला. तेव्हापासून तो निवृत्त आहे.

सर्वांत वरच्या भागात जायला उभा जिना आहे. त्याच्या पायथ्याशी प्रत्येक कुटुंबात एकच चर्चा होते. ज्याला वर जायचं नसतं तो इतरांना म्हणतो, "तुम्ही जाऊन या, मी पिशव्या सांभाळतो." आमच्याकडे पिशव्या सांभाळायला तिघं तयार झाले आणि पिशवी एक होती. मावशी मात्र कठडा धरून वर गेल्या. वरून बघितलं की कळतं, दगडांना नावं द्यायची वेळ माणसावर का आली. चारी बाजूंना तांबडे सुळके, त्यांच्यामधून गर्द झाडी, मागे स्तारा प्लानिनाच्या निळ्या रांगा. एवढं सगळं एकदम डोळ्यांत मावत नाही. त्यातल्या एखाद्याला 'हा मेंढपाळ', 'ही भूछत्रं' म्हटलं की जरा धीर येतो. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्याबाबतीत ही घटना नोंद घेण्यासारखी आहे.

१८४१ साली अडोल्फ ब्लांकी नावाचे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ इथं येऊन गेले. फ्रेंच सरकारनं त्यांना या भागातल्या अशांततेची पाहणी करायला धाडलं होतं. सरकारी अहवाल लिहायला आलेला अर्थशास्त्रज्ञ! त्यानं हे दगड पाहिले आणि असलं काही आल्प्स आणि पिरेनीजमध्येही नाही, असं लिहून ठेवलं. दगडांची स्तुती खूप जणांनी केली आहे, पण सरकारी दौऱ्यावरच्या अर्थशास्त्रज्ञाकडून स्तुती वसूल करणं हे खरं कर्तृत्व.

दुपारी गावात जेवलो. तारातोर म्हणून एक थंडगार सूप येतं. दही पाण्यात सैल केलेलं, त्यात बारीक चिरलेली काकडी, लसूण, शेपू, अक्रोडाचा चुरा. मावशींनी एक चमचा घेतला, डोळे मिटले आणि निकाल दिला, "चांगलं आहे. फोडणी राहिली." दह्याबद्दल बल्गेरियात जपून बोलावं लागतं. दही ज्या जिवाणूमुळे लागतं तो स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यकीय संशोधकानं १९०५ साली शोधला आणि त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात बल्गेरियाचं नाव कायमचं चिकटलं. आपण पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी विरजण लावत राहिलो आणि नाव त्यांचं लागलं. याबद्दल कोणाला तक्रार करायची असेल तर दही खाऊन झाल्यावर करावी, कारण दही उत्तम असतं.

शोप्स्का नावाची कोशिंबीरही सगळीकडे मिळते. टोमॅटो, काकडी, मिरची, कांदा आणि वर किसलेल्या पांढऱ्या खारट चीजचा ढीग. पांढरा, हिरवा, लाल, बल्गेरियाच्या झेंड्याचे तिन्ही रंग एका थाळीत. मला वाटलं फार प्राचीन पदार्थ असणार. तर ती समाजवादी काळात बाल्कनटुरिस्ट या सरकारी पर्यटन संस्थेनं लोकप्रिय केलेली निघाली. दाजींचा ऊर भरून आला. सरकारी यंत्रणेनं काढलेली योजना आणि ती लोकांनी आवडीनं खाल्ली, हे त्यांनी उभ्या कारकिर्दीत पाहिलं नव्हतं.

जेवण झाल्यावर गावातून चक्कर मारली. बसथांब्यावर, दारांवर, विजेच्या खांबांवर, जिथं तिथं माणसांचे फोटो असलेले कागद चिकटवलेले. दाजी म्हणाले, "इथंही वाढदिवसाच्या शुभेच्छा का?" भाचीनं फोन धरून भाषांतर केलं. ते वाढदिवसाचे नव्हते, मृत्यूचे होते. बल्गेरियात माणूस गेला की त्याचा फोटो आणि मजकूर असलेला कागद असा लावतात आणि पुढे चाळीस दिवस, सहा महिने, वर्ष, अशा मुदतींना पुन्हा लावत राहतात. काही कागद तर कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्यांच्या आठवणीचे होते. एका दारावर पांढऱ्या केसांच्या आजीबाईंचा फोटो होता, डोक्याला रुमाल, ओठ घट्ट मिटलेले. दाराला कुलूप होतं आणि कुलपावर गंज. हा वायव्य बल्गेरिया म्हणजे युरोपीय संघातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एक. तरुण मंडळी सोफियाला, जर्मनीला, स्पेनला निघून गेलेली. मावशींनी त्या आजीबाईंना हात जोडले आणि म्हणाल्या, "हिचं नाव वाच गं." भाचीनं वाचलं. दिवसभरात ऐकलेलं हे पहिलं नाव होतं, जे कशासारखं तरी दिसतं म्हणून दिलेलं नव्हतं.

आता मागुरा. गावापासून साधारण २५ किलोमीटरवर राबिशा नावाचं खेडं आणि सरोवर आहे, तिथं ही गुहा आहे. अडीच किलोमीटरहून लांब, आत बाराही महिने १२ अंशांच्या आसपास तापमान. बाहेर कडक ऊन, म्हणून मंडळी हौसेनं आत शिरतात आणि पाच मिनिटांत शाल आणली असती तर बरं झालं असतं, असं एकमेकांना सांगू लागतात. इथं पुन्हा दगड, पुन्हा नावं. बाहेरचे सुळके संपले म्हणून पाताळात बारशी सुरू. पण 'पडलेला पाइन' नावाचा एक ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ आहे, ११ मीटर लांब. तो खरोखर पडलेला आहे आणि खरोखर झाडासारखा दिसतो. मी कोणाचीही वाट न बघता सगळ्यांच्या आधी "दिसलं!" म्हणालो. असा आनंद शाळा सोडल्यानंतर झाला नव्हता.

मागुराचं खरं धन म्हणजे भिंतींवरची चित्रं. सातशेहून अधिक. नाचणाऱ्या बायका, शिकारी, जनावरं, सूर्य, चांदण्या, कुठली कुठली हत्यारं. काही नवाश्मयुगातली, काही ताम्र-कांस्ययुगातली. रंग कसला, तर वटवाघळांच्या विष्ठेचा. गुहेत वटवाघळं होती, विष्ठा मुबलक होती, भिंत रिकामी होती. दाजींच्या भाषेत स्थानिक साहित्य, शून्य वाहतूक खर्च. आणि टिकाऊपणा बघा, हजारो वर्षं झाली तरी रंग उडालेला नाही. आमच्या इमारतीला मागच्या दिवाळीला दिलेला रंग पहिल्या पावसात उतरला आणि तो तर दहा वर्षांच्या हमीचा होता. संशोधकांना या चित्रांत सूर्याचं पंचांग दिसतं, सणांचे दिवस दिसतात, विधी दिसतात. मावशींना मंगळागौर दिसली. हात वर, कमरेत वाक, घागरा गोल. आम्ही कोणीच हरकत घेतली नाही, कारण मंगळागौर खरंच दिसत होती.

याच गुहेच्या एका दालनात बाटल्यांच्या रांगा लावून स्पार्कलिंग वाइन मुरवतात, शॅम्पेनच्या पद्धतीनं. तापमान स्थिर, अंधार पुरेसा, गारवा फुकट. बाहेर चव घ्यायला मिळते. दाजींनी "फक्त माहितीसाठी" एक पेला घेतला. मग माहिती अपुरी वाटली म्हणून दुसरा घेतला. परतताना गाडीच्या खिडकीतून संध्याकाळच्या उन्हात सुळके आणखी तांबडे झालेले दिसत होते आणि दाजींना आता मठवासी बरोबर मोजता येत होते. शिवाय ते हलतही होते.

तर ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी. सोफियाहून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेनं जायचं तर विदिनच्या गाडीनं ओरेशेत्स स्थानकावर उतरावं आणि पुढे बस किंवा टॅक्सी पकडावी. वाटेत इस्कर नदीची घळ लागते, तेव्हा खिडकीची जागा सोडू नये. मे किंवा सप्टेंबर चांगला. पायात पकडीचे बूट हवेत, मागुरासाठी स्वेटर हवा. किल्ला सकाळी बघावा आणि वरच्या जिन्याच्या वेळी पिशव्या सांभाळायला एकालाच ठेवावं. ज्यांना अस्वल दिसेल त्यांनी कृपया आम्हाला कळवावं. नुसतं "दिसलं" चालणार नाही, फोटोवर बाण काढून पाठवावा.